तोकुनागांचा उजवा हात

तोकुनागा हिसानोरींना कुठलाही छंद लागला की पहिला आनंद दुकानदाराला व्हायचा. गोल्फ शिकायचं ठरलं, तेव्हा चेंडूला काठी लागायच्या आधीच त्यांच्याकडे टोप्या जमल्या होत्या. मग बोन्सायचा नाद लागला. झाडं मेली, कात्र्या उरल्या. मग घरच्या घरी पीठ दळून सोबाच्या शेवया करायची टूम निघाली. त्यासाठी आणलेलं दगडी जातं अजून त्यांच्या घरी आहे. त्यांची बायको तोमिए ते लोणच्याच्या पिंपावर वजन म्हणून ठेवते.

मी हे कुचेष्टेनं सांगतेय असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. कुचेष्टाच आहे ती.

मी गावातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. भिंतीवर गाडी घालायची, मग खाली उतरून भिंतीकडेच रागानं बघायचं, अशी माणसं मी आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून पाहिली आहेत. त्यामुळे तोकुनागा पहिल्यांदा आमच्या तलवारीच्या तालमीत आले आणि वाकून नमस्कार करायच्या आधी वर बघून म्हणाले, "छत जरा बसकं आहे, नाही?" तेव्हाच मी मनात म्हटलं, आलं गिऱ्हाईक.

आमची तालीम म्हणजे शेतकी सोसायटीच्या गोदामामागचा जुना ज्यूदोचा हॉल. शिकवायला याबे गुरुजी. आयुष्य पोस्टात गेलं, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. हात अजून असा, की तलवार फिरली हे तुकडा खाली पडल्यावर कळावं. पण कुणाला तोंडावर वाईट बोलायचं म्हटलं की ह्या माणसाची जीभ उचलत नाही. त्यावर त्यांनी उपाय शोधून काढला होता: उघड्या डोळ्यांनी झोपायचं. आमच्यातल्या कुणी मूर्खपणा सुरू केला की गुरुजींची नजर खिडकीबाहेरच्या लव्हाळ्याच्या शेतावर जाऊन स्थिर व्हायची आणि मूर्खपणा संपला की परत यायची.

ह्या लव्हाळ्याच्या चटयांवरच आमचं सगळं चालतं. घराघरांतून बदललेल्या जुन्या चटया आणायच्या, घट्ट वळकटी करून दोरीनं बांधायच्या, पिंपात भिजत घालायच्या, निथळल्या की लाकडी खुंट्यावर उभ्या करायच्या आणि खऱ्या तलवारीनं कापायच्या. भिजलेली घट्ट वळकटी माणसाच्या हातापायासारखी कापली जाते असं जुने लोक सांगतात. कुणी ताडून पाहिलं असेल तर देव त्याचं भलं करो. वार साधा. भिक्षूचं उपरणं जसं एका खांद्यावरून कमरेच्या दुसऱ्या बाजूला येतं, तसं वरून तिरपं खाली यायचं. सांगायला एवढंच आहे. करायला गेलं की पातं जरा तिरकं लागतं आणि अर्ध्यात अडकतं, नाहीतर आत शिरून वळतं आणि काप सपाट यायच्या ऐवजी खोलगट येतो.

गुरुजी कापणाऱ्याकडे फारसे बघायचेच नाहीत. खाली पडलेला तुकडा उचलायचे आणि कापलेलं तोंड उजेडाकडे धरून बघायचे. माणूस काहीही बोलेल, तुकडा खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तोकुनागांचा पहिला तुकडा उडाला तो थेट भिंतीवर जाऊन आदळला.

"बघितलंत?" तोकुनागा म्हणाले. "काय जोर होता!"

गुरुजींनी भिंतीपाशी जाऊन तुकडा आणला. बघितला. मला दाखवला. तोंडाला असा खळगा होता की त्यात सोया सॉस ओतून मासा बुडवावा.

"हं," गुरुजी म्हणाले. "तोकुनागासाहेब, तुमचा उजवा हात फार काम करतो."

"धन्यवाद," तोकुनागा म्हणाले.

त्यांना ती स्तुती वाटली! गुरुजींची नजर लव्हाळ्याच्या शेतावर गेली.

आता यातली गोम सांगते. तलवारीच्या मुठीला उजवा हात वर असतो, डावा खाली टोकाशी. काम डाव्यानं करायचं, उजव्यानं नुसतं वाट दाखवायची. पण आपण सगळे उजव्या हाताचे लोक. जन्मभर त्याच हातानं दारं उघडलेली, सह्या केलेल्या. तो हात गप्प बसत नाही. मध्ये येतो, पातं ढकलतो, आणि ढकललेलं पातं कापत नाही, खरवडतं. तुकडा उडतो तो ढकलल्यामुळे. चांगला काप झाला तर तुकडा उडत नाही, जागेवर बसून राहतो आणि मग हळूच घसरतो. हे तालमीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तोकुनागांनाही होतं. ते तर दुसऱ्यांना शिकवायचे!

हो, शिकवायचे. स्वतःचा एक काप धड येत नव्हता, पण नवीन माणूस आला की हे त्याच्या मागे उभे. नागिता नावाची एक नर्स यायला लागली होती, गावातल्या हाडांच्या दवाखान्यात काम करायची. शांत मुलगी, हात हलका. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाच तिचा काप माझ्यापेक्षा सपाट यायला लागला. तोकुनागांना हे कसं सहन व्हावं?

"थांबा, थांबा. उजवा हात पक्ष्याचं पिल्लू धरल्यासारखा ठेवा. चिरडायचं नाही. असं. नाही, असं. तुम्ही ऐकत नाही आहात."

"ऐकतेय."

"ऐकता, पण मनावर घेत नाही. मूठ, मनगट, कोपर, तिन्हींचा एकत्र विचार करायला हवा. मी तुम्हाला आकृती काढून देईन."

त्यांनी खरंच आकृती काढून दिली. नागिता आणखी दोनेक महिने आली, मग पोहायच्या तलावावर जायला लागली. मला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "कागाएबाई, पाण्यात कुणी बोलत नाही हो. फार बरं वाटतं." मला तोकुनागांचा त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. मी गुरुजींना जाऊन बोलले. गुरुजी म्हणाले, "वाईट झालं," आणि खिडकीबाहेर बघायला लागले. अशा माणसाच्या हाती तलवार असून उपयोग काय, सांगा.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तोकुनागांचं अंगण दर आठवड्याला नव्या बाजूनं वाकडं असायचं. चटई जास्त भिजली, चटई कमी भिजली. खुंटा डुगडुगतो. आज हवा दमट आहे. शेवटी दोष तलवारीवर आला आणि त्यांनी नवी घेतली. तिच्या पात्याला दोन्ही बाजूंनी खोल पन्हळ होती. पात्याला पन्हळ असली की हवेतून फिरवताना शीळ वाजते. कुणीही फिरवली तरी वाजते, माझ्या सासूबाईंनी फिरवली असती तरी वाजली असती. पण तोकुनागा हॉलच्या मध्यभागी उभे राहून ती सुईं सुईं वाजवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे.

"ऐका, कागाएबाई. हा आवाज आला म्हणजे धारेची दिशा बरोबर."

"मग चटई का नाही कापली जात?"

"चटईचं काय आहे..." असं म्हणून ते चटईचं काय आहे ते सांगायला लागायचे.

गावच्या देवळाचा शरद ऋतूतला उत्सव आला. दरवर्षी पटांगणात आमच्या तालमीचा कार्यक्रम असतो. गुरुजी कापतात, आम्ही दोघं-तिघं कापतो, लोक टाळ्या वाजवतात आणि खायच्या दुकानांकडे वळतात. त्या वर्षी तोकुनागांनी गुरुजींना गाठलं. ते पाणीपुरवठा खात्याचे विभागप्रमुख, त्यांना नगराध्यक्षांसमोर काहीतरी करून दाखवायचं होतं. तीन वळकट्या ओळीनं उभ्या करून एकामागून एक, न थांबता, तीन वार. गुरुजी नाही म्हणू शकले असते. त्यांनी लव्हाळ्याकडे बघितलं. झालं, परवानगी मिळाली.

वळकट्या मी घरून तयार करून आणतो, असं तोकुनागा म्हणाले. उत्सवाच्या सकाळी गाडीतून उतरवताना मी एक उचलली आणि माझा हात हवेतच वर गेला, इतकी ती हलकी होती. आत अर्धीच चटई होती, आणि गुंडाळली होती तीही सैल.

"हे काय?" मी विचारलं.

"पटांगणात जमीन उंचसखल आहे. त्या मानानं वजन ठेवलंय."

"अर्धी चटई कापायची आणि पुरी म्हणून दाखवायची?"

"हळू बोला. लोकांना काय कळतंय?"

लोकांना खरंच कळत नाही. पण चटईला कळतं. घट्ट वळकटी पात्याला आधार देते. सैल वळकटी त्याला मिठी मारते. एवढी साधी गोष्ट ह्या आकृत्या काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात आली नाही.

ढोल थांबले. व्यापारी मंडळाचा एक माणूस माइकवर होता, लग्नात बोलतात तसं बोलत होता. "आणि आता, आपले सर्वांचे परिचित, पाणीपुरवठा खात्याचे तोकुनागासाहेब!" तोकुनागा पुढे आले, नवा कोरा घेरदार हाकामा नेसून, त्याच्या इस्त्रीच्या घड्या अशा की त्यांनीच चटई कापली जावी. नगराध्यक्षांना वाकून नमस्कार केला, तलवार उपसली, सुईं करून एकदा हवेत फिरवली. लोक "ओ!" म्हणाले. तो "ओ" ऐकून ते फुगले, आणि फुगलेल्या खांद्यांनी त्यांनी पहिला वार केला.

पातं वळकटीत अर्ध्यापर्यंत गेलं आणि राहिलं. त्यांनी वर ओढलं. वळकटी खुंट्यावरून सुटून पात्याबरोबर वर आली. तोकुनागा तलवार उंच धरून उभे, आणि टोकाजवळ अडकलेली वळकटी डुलतेय, काडीला टोचलेल्या पिठाच्या गोड गोळ्यासारखी, दांगोसारखी.

पुढे बसलेल्या पोरांपैकी एक ओरडलं, "दांगो!" मग सगळी ओरडायला लागली. दांगो! दांगो! नगराध्यक्षांनी तोंडासमोर पंखा धरला.

तिथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण तोकुनागांनी वळकटी जमिनीवर टेकवली, तिच्यावर पाय दिला आणि तलवार कडेनं हिसडली. सुटली. सुटली ती वाकून. पातं उजवीकडे कललं होतं, लांबून दिसावं एवढं.

माइकवाल्याला हे कुठलं कळायला? त्याला कागदावर लिहून दिलं होतं तसं तो म्हणाला, "आणि आता तोकुनागासाहेब तलवार म्यानात ठेवतील."

तोकुनागांनी टोक म्यानाच्या तोंडाला लावलं. जाईना. पुन्हा लावलं. थोडं गेलं, अडकलं.

"तोकुनागासाहेब तलवार म्यानात ठेवत आहेत," माइकवाला म्हणाला.

मी मान फिरवून गुरुजींकडे पाहिलं. देवळाच्या आवारातून लव्हाळ्याचं शेत दिसत नाही. बिचाऱ्यांना बघायला काहीच नव्हतं. शेवटी तोमिएच महिला मंडळाच्या सुपाच्या दुकानातून उठून आली, अंगातला एप्रन काढला, नवऱ्याच्या हातातल्या नागड्या तलवारीला गुंडाळला आणि त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. माझी गाडी जवळ होती म्हणून मीच त्या दोघांना घरी सोडलं. तोकुनागा पुढे, मांडीवर आडवी एप्रनमधली तलवार. तोमिए मागे.

देऊळ मागे पडलं. मग तोकुनागा म्हणाले, "वारा होता."

"कुठला वारा?" मी म्हटलं.

"देवळामागून येतो ना, तो."

मागून तोमिए म्हणाली, "अहो, निशाणंसुद्धा हलत नव्हती."

"खालून होता."

"खालून?"

"जमिनीलगत."

मला हसू आवरेना म्हणून मी विनाकारण हॉर्न वाजवला.

त्यानंतर तोकुनागा तालमीत आले नाहीत. आम्ही कुणी विचारपूस केली नाही. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की गुरुजींना जागं राहण्याची सवय लागली. थंडी सुरू झाल्यावर बातमी आली, की तोकुनागा परसातल्या झाडावरची पर्सिमनं काढताना शिडीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. वरच्या फांदीचं शेवटचं फळ हवं होतं. ते पाखरांना ठेवायचं असतं हे लहान पोरालाही ठाऊक असतं, पण तोकुनागांना एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडवत नाही, फक्त तलवारीनं मात्र ते ती नेहमी अर्ध्यावर सोडतात.

मला वाटलं, सुटलो. पुढच्याच गुरुवारी संध्याकाळी हे दारात हजर! हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.

"घरात करमत नाही," ते म्हणाले.

पाठीमागे उभी असलेली तोमिए माझ्याकडे बघून म्हणाली, "आम्हालाही करमत नाही." आणि त्यांना सोडून जवळजवळ पळतच गेली.

गुरुजींना आता तोंड उघडावं लागलं. एका हाताच्या माणसाला काय करायला सांगायचं? ते म्हणाले, "डाव्या हातानं लाकडी तलवार फिरवा. मुठीच्या टोकाला धरून. हळू." त्या बुजऱ्या माणसाला बहुतेक एवढंच हवं होतं, की हे गृहस्थ कोपऱ्यात कुठेतरी गुंतावेत.

डाव्या हातानं, टोकाला धरून लाकडी तलवार डोक्यावर नेणं आणि सरळ खाली आणणं, करून बघा कधीतरी. तोकुनागांची तलवार वर जाताना कानाला लागायची आणि खाली येताना गुडघ्याला. पहिल्या दिवशी ते बोलत होते. दुसऱ्या खेपेला धाप लागून बोलणं तुटक झालं. पुढे पुढे तर बोलायला श्वासच उरेना. मी त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळायचे, पण आवाज कानावर यायचा: लाकूड हाडावर लागल्याचा, मग एक शिवी, मग पुन्हा सुरू. सगळा हिवाळा तो माणूस त्या कोपऱ्यात होता. का आला असेल? मी विचार केलाय. चिकाटी म्हणायची माझी तयारी नाही. ऑफिसात हाताखालचे लोक पाठीमागे "दांगो" म्हणायचे हे मला बाहेरून कळलं होतं. आमच्याकडे निदान तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. म्हणजे मी म्हणायचे, पण घरी.

प्लास्टर काढायला ते हाडांच्या दवाखान्यात गेले, तर कात्री घेऊन समोर कोण? नागिता. ही हकिगत तिनंच मला नंतर सांगितली. प्लास्टरमधून निघालेला हात काटकीसारखा झाला होता. तिनं त्यांच्या तळव्यावर स्पंजचा मऊ चेंडू ठेवला.

"धरा. जोर नाही लावायचा."

तोकुनागांनी दात-ओठ खाऊन दाबला.

"नाही मास्तर," नागिता म्हणाली. "पक्ष्याचं पिल्लू धरल्यासारखं. चिरडायचं नाही."

तोकुनागा चेंडूकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो. तुम्ही ऐकता, पण मनावर घेत नाही."

मला ती म्हणाली, "कागाएबाई, ते लाल झाले हो, मानेपर्यंत." मी त्या दिवशी तिला माझ्या खर्चानं मोहरी भरलेली कमळकाकडी खाऊ घातली.

लव्हाळा हिरवागार होऊन वाऱ्यावर डुलायला लागला होता, तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी हलकं काही करायला हरकत नाही म्हटलं होतं. 'हलकं' या शब्दात खरी तलवार बसते असा अर्थ तोकुनागांनी लावला. ती वाकलेली शीळवाली सरळ करायला गेलेली, अजून आली नव्हती. गुरुजींनी तालमीतली जुनी दिली, बिनपन्हळीची, मुकी. वळकटी मी बांधली होती. पुऱ्या चटईची, घट्ट. मुद्दाम घट्ट.

तोकुनागा उभे राहिले. उजवा हात मुठीवर होता, पण त्याच्यात धरण्यापलीकडे काही करायचं त्राणच नव्हतं. तलवार वर गेली, थोडी थबकली, खाली आली. आवाज झाला नाही. वळकटी होती तशी उभी.

"चुकली," तोकुनागा म्हणाले. "अंतराचा अंदाज चुकला. ही तलवार आखूड आहे. आणि तुमचा हा खुंटा मागे कुणी सरकवला? मी नेहमी सांगतो, खुंटा सरकवायचा असेल तर..."

वरचा तुकडा घसरला. सावकाश, बसल्या जागेवरून एखादा म्हातारा उठावा तसा पुढे झाला आणि खुंट्याच्या पायाशी पडला.

तोकुनागांनी तलवार खाली घेतली.

गुरुजींनी तुकडा उचलला, उजेडाकडे धरला आणि तोकुनागांच्या हातात दिला. मीही वाकून बघितलं. काप काचेसारखा सपाट होता. इतका चांगला माझा येत नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाहीये.

"पण हाताला काहीच लागलं नाही," तोकुनागा म्हणाले.

"नाहीच लागत," गुरुजी म्हणाले.

"काही म्हणजे काहीच नाही. मला वाटलं हवाच कापली."

"हं."

"मग इतकी वर्षं..." तुकडा तसाच हातात धरून ते चटईवर बसले आणि तालीम संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मी बारा वर्षं त्या हॉलमध्ये जातेय. त्या संध्याकाळइतका अवघडलेला हॉल मी पाहिला नाही. बोलणारा माणूस गप्प बसला की त्याची दया यायला लागते आणि मला दया करायची सवय नाही. मी लवकर निघाले.

दैव मात्र माझ्या बाजूचं निघालं. मनगट बरं होत गेलं, चेंडूचा व्यायाम लागू पडला, उजव्या हातात बळ आलं आणि ते आलं तसा काप पुन्हा खोलगट व्हायला लागला. उन्हाळ्यापर्यंत गृहस्थ होते तिथे आले. फरक एवढाच, की आता ते चटईला शिव्या देत नव्हते, स्वतःच्या उजव्या हाताला द्यायचे. "ए गाढवा, तुला कुणी बोलावलं? बस खाली!" भर हॉलमध्ये, मोठ्यानं, स्वतःच्या मनगटाशी भांडायचे. ऐकणाऱ्याला ताप तेवढाच. मग कोपऱ्यात जाऊन पुन्हा डाव्या हातानं लाकूड. एकदा सपाट, दोनदा खोलगट, एकदा अडकलेला, पुन्हा सपाट. शीळवाली तलवार सरळ होऊन परत आली; ती त्यांनी वापरायला काढली नाही. आवाजानं हात चेकाळतो म्हणाले. नव्या लोकांना शिकवणंही थांबलं असं म्हणता येत नाही. एका नवीन माणसाला मी त्यांना सांगताना ऐकलं, "सोपा उपाय म्हणजे मनगट मोडून घेणे, पण दवाखान्यातल्या नर्स फार टोचून बोलतात."

पुन्हा शरद ऋतू आला, पुन्हा उत्सव. ह्या वेळी गुरुजींनी स्वतःहून त्यांना बोलावलं, आणि बोलावताना खिडकीबाहेर बघितलं नाही. तोकुनागा म्हणाले, "एकच वार करेन. वळकटी कागाएबाई बांधतील." नमस्कार त्यांनी नगराध्यक्षांना केला तेवढाच वाकून मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंना केला. माइकवाला तोच होता. पोरं वर्षभर मोठी झालेली, पण दांगो विसरली नव्हती. पुढे सरकून वाटच बघत होती.

तोकुनागांनी वार केला. तुकडा क्षणभर बसला, घसरला, पडला. त्यांनी तलवार पुसली, म्यानात ठेवली, वाकले आणि मागे सरले.

पटांगणात एकही टाळी वाजली नाही. काही उडालं नाही, काही वाजलं नाही. लोकांना वाटलं, ही तयारी असेल. पोरं निराश होऊन उठून गेली. माइकवाला कागद उलटसुलट करत म्हणाला, "तर, तोकुनागासाहेब आता सुरू करतील."

मी जाऊन तुकडा उचलला. बघितला आणि ओच्यात टाकला. काप कसा होता ते मला विचारू नका.

सुपाच्या दुकानाशी तोकुनागा दागोजिरू सुपाचा वाडगा पुढ्यात घेऊन बसले होते, तोंड आंबट करून. "आंधळे आहेत," मला म्हणाले. "अख्खं गाव आंधळं आहे. ह्यांना आपण पाणी पाजतो!"

तोमिए वाडगे भरता भरता म्हणाली, "अहो, कधी आहे तुमचं? मी मघापासून मान वर करून बघतेय."

"झालं माझं!"

"झालं?" तिनं पळी खाली ठेवली. "कापलंत?"

"कापलं."

"आणि तलवार?"

"म्यानात आहे."

तोमिएनं वाकून म्यानाकडे नीट पाहिलं, मूठ चाचपली, आणि मग वाडग्यात आणखी दोन पिठाचे गोळे टाकले. "चांगलं झालं," ती म्हणाली. "एप्रन आज धुतलेला होता."

तोकुनागा तिला समजवायला लागले, की चांगला वार दिसत नाही तोच चांगला, डावा हात, उजवा हात, पक्ष्याचं पिल्लू. रांगेत माणसं खोळंबली होती. ती "हो का?" म्हणत पुढचे वाडगे भरत राहिली.

लोकांना मजा येत नाही म्हणून उत्सवाच्या कमिटीनं पुढच्या वर्षी तलवारीचा कार्यक्रम काढून टाकला आणि त्या वेळेला माकडाचा खेळ ठेवला. तोकुनागा भयंकर चिडले. निषेधाचं भाषण तयार करून ते माझ्या दारात आले, तुम्ही बरोबर चला म्हणाले, गुरुजींना बोलायला जमणार नाही.

मी गेले नाही. मला माकडाचा खेळ आवडतो.